डॉ. मारिया माँटेसरी आणि लहानग्यांचे घर



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण मातांनी एक चांगला पायंडा पाडला आहे. शेजारच्या पाच-सहा घरांतील दोन-तीन वर्षांची मुले त्या आळीपाळीने एकेकीच्या घरी जमवतात. आज हिच्या ओटीवर, उद्या तिच्या. एवढ्या लहान वयात मुलांना शाळेत कोंबायचे नाही आणि दिवसभर मोबाइलसमोरही बसवायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. त्यांचा आम्हाला प्रश्न होता की या वयाच्या मुलांकडून करून तरी काय घ्यावे? एबीसीडी म्हणून झाली, चार बडबडगीते झाली की मुले एकमेकांचे केस ओढू लागतात आणि घड्याळात अजून दहासुद्धा वाजलेले नसतात.

आम्ही पडलो धर्मगुरू. लेकरे वाढवण्याचा अनुभव आमच्यापाशी नाही, तेव्हा अनुभवाचे बोल आम्ही सांगू नयेत हे बरे. मात्र ज्या बाईंचे नाव आपल्याकडे गल्लोगल्लीच्या बालवाड्यांच्या पाट्यांवर दिसते, त्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी नेमका हाच प्रश्न आयुष्यभर हाताळला. पाटीवर नाव असले तरी त्या कोण होत्या हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजले आहे.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकर होते. आई रेनिल्दे त्या काळच्या मानाने चांगली वाचन करणारी होती आणि लेकीने शिकावे ही तिचीच इच्छा. १८७५ साली हे कुटुंब रोमला आले. मारियाला आधी इंजिनिअर व्हायचे होते, मग तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसोबत उघड्या प्रेताचे विच्छेदन मुलीने पाहणे अशोभनीय मानले जाई, म्हणून इतर सारे घरी गेल्यावर तिला एकटीला त्या खोलीत काम करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील पहिली महिला डॉक्टर असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही; तिच्याआधीही काही स्त्रिया डॉक्टर झाल्या होत्या. पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

रोमच्या मानसोपचार विभागात काम करताना डॉ. माँटेसरींना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मतिमंद मुलांनाही मोठ्या रुग्णांसारखेच कोंडून ठेवत. अशाच एका ठिकाणी त्यांची देखभाल करणारी बाई तक्रार करत होती, की ही मुले जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे हावरटासारखी गोळा करतात. डॉ. माँटेसरींनी त्या खोलीकडे नजर टाकली. चार भिंतींखेरीज तेथे काहीच नव्हते. एक खेळणे नाही, हातात धरावी अशी एक वस्तू नाही. पोट भरलेले होते, पण हात उपाशी होते. त्या मुलांना त्या तुकड्यांशी खेळायचे होते, ते चाचपून पाहायचे होते.

डॉ. माँटेसरींच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज आम्हाला या एका दृश्यात दिसते. त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ शोधून काढले. मतिमंद मुलांना हातांच्या व इंद्रियांच्या द्वारे शिकवण्याचे प्रयोग या दोघांनी पूर्वीच केले होते. सेगँचा जाडजूड ग्रंथ तर त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढला, का तर त्यातील शब्दन् शब्द मनात मुरावा. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. डॉ. माँटेसरी व त्यांचे सहकारी डॉ. जुझेप्पे मोंतेसानो तिचे संचालक होते. तेथील काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि साध्या शाळेतील मुलांच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोक वाहवा करू लागले. डॉ. माँटेसरींना मात्र वेगळीच चिंता लागली. ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा एवढे मागे कशा ठेवतात?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वीच्या चरित्रांत ती गाळत असत. आम्ही ती गाळणार नाही. डॉ. माँटेसरी व डॉ. मोंतेसानो यांचे एकमेकांवर प्रेम होते. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. लग्न झालेले नव्हते. ही गोष्ट उघड झाली असती तर त्या काळच्या समाजात डॉक्टर म्हणून उभ्या असलेल्या एका तरुण स्त्रीचे सारे संपले असते. बाळाला खेडेगावातील एका कुटुंबाकडे दाईजवळ ठेवण्यात आले. आई अधूनमधून भेटायला जाई, पण पाहुणी म्हणून. १९०१ साली डॉ. मोंतेसानोंनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला. त्याच वर्षी डॉ. माँटेसरींनी ती संस्था सोडली.

म्हणजे ज्या वयाच्या मुलांविषयी पुढे साऱ्या जगाने या बाईंचे ऐकले, त्या वयात स्वतःचे मूल त्यांच्या मांडीवर नव्हते. मारिओने पहिले पाऊल टाकले, पहिला घास स्वतःच्या हाताने खाल्ला, तेव्हा ते पाहणारी दुसरीच कोणी होती. यावरून त्यांचा न्याय करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्या रांगेत उभे राहण्याची आमची इच्छा नाही. पण ही जखम ठाऊक असल्याशिवाय त्यांचे पुढचे आयुष्य समजत नाही, एवढे नक्की.

संस्था सोडल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, शिक्षणशास्त्र यांचा अभ्यास करू लागल्या. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात अॅरिस्टॉटल व संत थॉमस अक्विनास यांच्या परंपरेतील एक सिद्धांत घोकला होता, की बुद्धीत जे जे येते ते आधी इंद्रियांच्या दारातून येते. परीक्षेत आम्हाला त्याचे गुण मिळाले आणि आम्ही तो विसरलो. डॉ. माँटेसरींनी तो सिद्धांत घेऊन दोन वर्षांच्या मुलाच्या हाती मणी दिले. पुस्तक आणि जीवन यांत फरक पडतो तो असा.

आता आपण रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये घरे बांधण्याचे वेड आले आणि मग बाजार कोसळला. अर्धवट राहिलेल्या इमारतींत गोरगरीब शिरले. एकेका खोलीत अनेक कुटुंबे, ना पाणी ना उजेड. पुढे एका कंपनीने या इमारती दुरुस्त करून कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप सकाळी कामाला जात. शाळेच्या वयाची नसलेली मुले मागे राहत, जिन्यांवर धुडगूस घालत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खरवडून ठेवत. मालकांनी हिशेब केला. भिंती पुनःपुन्हा रंगवण्यापेक्षा एका खोलीत या मुलांना बसवून एक बाई नेमणे स्वस्त पडेल! देव कोणाच्या हिशेबातून काय घडवील, सांगता येत नाही. या कामासाठी त्यांनी डॉ. माँटेसरींना बोलावले.

६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मार्सी रस्त्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत ही खोली उघडली. पन्नासेक मुले, वय साधारण तीन ते सहा. सारी बुजलेली, रडवेली. नाव ठेवले बालकांचे घर. शाळा हा शब्द मुद्दाम टाळला.

हे घर इमारतीच्या आतच होते ही गोष्ट आपल्या मातांनी ध्यानात घ्यावी. भिंती नासल्या नाहीत म्हणून जो पैसा वाचे, त्यातून त्याचा खर्च भागे, म्हणून डॉ. माँटेसरी त्या घराला तेथे राहणाऱ्या सर्व कुटुंबांची सामाईक मालमत्ता मानत. कोणतीही आई कोणत्याही वेळी डोकावून पाहू शकत असे. फी नव्हती. पण भिंतीवर नियम लावलेले होते. मुलाला वेळेवर, आंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत पाठवायचे. शिकवणाऱ्या बाईंचा मान राखायचा. आणि आठवड्यातून एकदा तरी येऊन आपल्या मुलाविषयी त्यांच्याशी बोलायचे. बाई त्याच इमारतीत राहत, शेजारीण म्हणून. मुलांना कोणाच्या तरी हवाली करून मोकळे व्हायचे, असा तो व्यवहार नव्हता.

मग तेथे करत काय? आधी फर्निचर बदलले. बाके गेली, मुलाला स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले व खुर्च्या आल्या. कपाटे मुलांच्या उंचीची. हात धुवायची जागाही तशीच. खाण्यासाठी चिनी मातीच्या बशा आणि काचेचे पेले! न फुटणारे भांडे मूल कसेही आपटते. फुटणारे दिले की ते जपून चालायला शिकते, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे हे ऐकून आज्यांच्या काळजात धस्स होईल. पण अडीच वर्षांच्या मुलाला छोटा काचेचा पेला देऊन पाहावा. तो दोन्ही हातांनी धरतो.

पहिली कामे रोजच्या जगण्यातली होती. हात धुणे, केस विंचरणे, केर काढणे, धूळ पुसणे, एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता ओतणे, टेबल मांडणे, इतरांना वाढणे. कपडे घालता यावेत म्हणून लाकडी चौकटींवर कापडाचे दोन पदर ताणून बसवलेले असत. एका चौकटीवर मोठी बटणे, दुसरीवर हूक, तिसरीवर नाडी. मूल तासभर एकच बटण लावी आणि काढी. आपल्याकडे यासाठी काही विकत आणायची गरज नाही. बाबांचा जुना सदरा उशीला घातला की चौकट तयार झाली. परातीत एक छोटा तांब्या आणि दोन वाट्या ठेवा. आधी तांदूळ ओतायला द्या, हात स्थिरावला की पाणी. वालाच्या शेंगा सोलणे, तांदळात मिसळलेला राजमा वेचून वेगळा करणे, ओल्या फडक्याने केळीची पाने पुसणे हे सारे या वयाचे काम आहे. एक जपणूक मात्र हवी. जे मूल अजून हातातले सारे तोंडात घालते त्याच्याजवळ दाणे व मणी ठेवू नयेत, आणि इतरांजवळही मोठ्या माणसाने डोळ्यात तेल घालून बसावे. पाण्याची बादली तर कधीच उघडी ठेवू नये.

दुसरी कामे इंद्रियांची होती. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा गुलाबी ठोकळे एकावर एक रचायचे. रंगांच्या जोड्या लावायच्या. डोळे बांधून खरखरीत व गुळगुळीत ओळखायचे. लाकडी ठोकळ्यातील भोकांत कमी-जास्त मापाच्या दट्ट्या बसवायच्या; चुकले तर शेवटी एक दट्टी उरते, बाईंनी चूक दाखवण्याची गरजच नाही. तीन वर्षांची एक मुलगी या दट्ट्यांशी खेळत होती. तिची तंद्री पाहून डॉ. माँटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला, फेर धरायला सांगितले. मुलगी ढळली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तर तिने साहित्य मांडीवर घेतले आणि पुढे चालू केले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम केले, मग आपण होऊन थांबली आणि झोपेतून ताजे होऊन उठावे तशी प्रसन्नपणे इकडेतिकडे पाहू लागली.

आपण त्या जागी असतो तर काय केले असते? तिसऱ्याच वेळी शाबास म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या आणि दुसरे खेळणे पुढे केले असते. बक्षीस व शिक्षा दोन्ही त्या घरातून हळूहळू गळून पडल्या. मुलांना गोळ्या-बिस्किटे दिली तर ती खिशात राहू लागली. एकदा डॉ. माँटेसरींनी नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा धरावा, आवाज न करता ते कसे करावे, याचा धडा दिला. मुलांनी टक लावून पाहिले आणि धडा संपताच टाळ्यांचा कडकडाट केला. नाकावरून आजवर त्यांना फक्त ओरडा मिळाला होता. आदराने शिकवणारे कोणी प्रथमच भेटले होते.

आणखी एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. इमारतीच्या अंगणात एका आईच्या हाती चार महिन्यांचे बाळ होते. डॉ. माँटेसरींनी ते घेतले आणि वर्गात आणले. हे बाळ किती शांत आहे, त्याचा श्वासही ऐकू येत नाही, तुम्हाला असे शांत राहता येईल का, असे त्यांनी मुलांना गमतीने विचारले. पन्नास मुले श्वास आवरून बसली. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. तेव्हापासून शांततेचा खेळ रोजचा झाला. बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाला अगदी हलक्या आवाजात नावाने हाक मारी आणि तो खुर्चीचाही आवाज न करता उठून जाई. आमच्या चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी मागच्या बाकांवर जो गलबला चालतो, तो ऐकताना या खेळाची आम्हाला हटकून आठवण होते. आणि गलबला करणारी सारीच लहान नसतात!

अक्षरे शिकवण्याचा डॉ. माँटेसरींचा इरादा नव्हता. काही आयांनीच येऊन विनवले. त्या स्वतः निरक्षर होत्या. लाकडी अक्षरे महाग पडत, म्हणून काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुले बोटाने ती गिरवत आणि त्याचा उच्चार करत. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी मुले गच्चीवर होती. डॉ. माँटेसरींनी एका मुलाला खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र झाले, आणि मग त्या मुलाने त्याखाली शब्द लिहिला. त्याला स्वतःलाच खरे वाटेना. ओरडत त्याने आणखी शब्द लिहिले. बघता बघता इतरांनी खडू मागितले आणि गच्चीची फरशी भरून गेली. यावरून आपल्या दोन वर्षांच्या मुलांना लगेच अक्षरे गिरवायला बसवू नये. ती मुले चार-पाच वर्षांची होती, आणि त्याआधी कित्येक महिने त्यांच्या हातांनी बटणे लावली होती, पाणी ओतले होते.

अगदी लहानग्यांविषयीही त्यांचे निरीक्षण बारीक असे. नेपल्समध्ये एका भुयारी वाटेवरून काही मंडळी चालली होती. त्यांत दीडेक वर्षाचे मूल असलेली एक आई होती. दमल्यावर तिने मुलाला कडेवर घेतले आणि उकडते म्हणून स्वतःचा कोट काढून हातावर टाकला. मूल रडू लागले. सगळ्यांनी ते हातोहात घेतले, समजावले, मग रागावले. रडणे वाढतच गेले. डॉ. माँटेसरींनी त्या आईला कोट पुन्हा अंगात घालायला सांगितले. मूल तत्काळ शांत झाले. कोट अंगात घालायचा असतो, हातावर नाही! या वयाच्या मुलाला जगाची घडी नुकतीच कळू लागलेली असते आणि ती विस्कटली की ते घाबरते. आपण त्याला हट्ट म्हणतो. घरे आळीपाळीने बदलणाऱ्या आपल्या मातांनी निदान चटई, परात आणि तांब्या रोज त्याच क्रमाने मांडावा असे आम्हाला यावरून वाटते.

१९०९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नाव जगभर गेले. पुढची वर्षे भाषणांची, प्रवासांची, गर्दीची आहेत. ती आम्ही भरभर ओलांडतो. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली घरची. १९१२च्या डिसेंबरात त्यांची आई रेनिल्दे वारल्या. त्यानंतर लवकरच, मारिओ पंधरा वर्षांचा असताना, तो आईजवळ राहायला आला. ही पाहुणी बाई आपली आई आहे हे त्याने मनोमन ओळखलेच होते. तरीही लोकांपुढे तो कित्येक वर्षे भाचा म्हणून वावरला.

दुसरी गोष्ट ख्रिस्तसभेची. १९०८च्या भीषण भूकंपाने मेस्सिना शहर उद्ध्वस्त झाले. तेथील अनाथ मुले रोमच्या फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींनी जुस्ती रस्त्यावरच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये सांभाळली. धक्क्याने ती मुले बोलेनाशी झाली होती, खात-पीत नव्हती. डॉ. माँटेसरींच्या पद्धतीने तेथे काम सुरू झाले. टेबले मांडता मांडता, फुलदाण्या भरता भरता ती पुन्हा हसू-बोलू लागली. १९१० साली पोप पायस दहावे यांनी साधारण सात वर्षांच्या मुलांनाही पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वाट मोकळी केली. मग लहान मुलांना मिस्सा समजावी कशी, हा प्रश्न आला. १९१५ नंतर बार्सिलोनात डॉ. माँटेसरींनी त्याचे उत्तर शोधले. मुलांसाठी त्यांच्या मापाचे प्रार्थनागृह मांडले. मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या. त्या गव्हाचा पाव आणि त्या द्राक्षांचा रस वेदीवर जाणार हे त्यांना ठाऊक होते. आणि चर्चमध्ये पाऊल टाकल्यावर मुलांच्या लक्षात आले की येथे तर आपल्या ओळखीचेच सारे आहे. शांत बसणे, न सांडता पाणी नेणे, मेणबत्ती सांभाळत चालणे ते आधीच शिकले होते. पुढे १९५४पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी या दोघींनी याच धाग्यावरून लहान मुलांचे धर्मशिक्षण उभे केले.

त्यांच्या आयुष्यात आम्हाला न रुचणारे एक पानही आहे. १९२४पासून मुसोलिनीने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि त्यांनी तो दहा वर्षे घेतला. अखेर १९३४ साली बिनसले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. हे बिनसायला दहा वर्षे लागू नयेत असे आम्हाला वाटते. १९३६ साली यादवी युद्धामुळे बार्सिलोनाही सुटले आणि त्या नेदरलँड्सला गेल्या.

१९३९ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारिओसह भारतात आल्या. निमंत्रण मद्रासजवळच्या अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीचे होते, त्यावरून काही कॅथलिकांच्या भुवया उंचावल्या. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता. पण जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक शत्रू ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन पडले आणि मारिओला आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या छावणीत कोंडण्यात आले. ज्या शहराचे नाव आज अहिल्यानगर आहे, तेच ते. जवळ येऊन पंचवीसहून अधिक वर्षे सावलीसारखा सोबत राहिलेला मुलगा पुन्हा दूर गेला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली की वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला सोडण्यात येत आहे. सरकारी तारेत मुलगा हा शब्द होता. बेचाळीस वर्षे जे आईला उघडपणे म्हणता आले नव्हते, ते परक्या सरकारच्या एका तारेने म्हणून टाकले.

युद्ध संपेपर्यंत त्या येथेच राहिल्या. कोडाईकॅनलला मुलांबरोबर काम केले, अहमदाबादला शिक्षकांचे वर्ग घेतले. तेथील भाषणांतूनच जन्मापासूनच्या पहिल्या वर्षांवरचा त्यांचा ग्रंथ तयार झाला. तो १९४९ साली मद्रासहून प्रसिद्ध झाला.

त्यांचे विचार आपल्या भागात मात्र त्याआधीच पोहोचले होते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने या पद्धतीवर काम केले. पण त्यांना अडचण दिसली. युरोपातून येणारे साहित्य महाग होते आणि श्रीमंतांच्या मुलांनाच परवडे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. घोलवड स्टेशनला उतरून जायचे ते बोर्डी, आपल्या वसईहून गाडीने दोनएक तासांवरचे. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी, १९७५ साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने हाच शब्द देशभर नेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आपल्या मातांनी एकदा सवड काढून तेथे जाऊन यावे. समुद्रावरचे शिंपले मापाप्रमाणे लावायला दिले, तर गुलाबी ठोकळ्यांवाचून अडत नाही.

डॉ. माँटेसरी युरोपला परतल्या तरी त्यांचे फिरणे थांबले नाही. मे १९५२मध्ये त्या नेदरलँड्समधील नूर्दवेक या समुद्रकाठच्या गावी होत्या. आफ्रिकेतील घानाला जाऊन शिक्षक तयार करावेत असे त्यांच्या मनात आले होते. प्रकृती पाहता एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही असे मारिओला वाटत होते. ६ मे रोजी माय-लेकांचे यावर बोलणे झाले. तो नकाशा आणायला आत गेला आणि परत आला तेव्हा त्यांनी प्राण सोडला होता. त्याच गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. मृत्युपत्रात त्यांनी मारिओला आपला मुलगा म्हटले होते.